गाठ सुपारीएवढी, मग तिसरी स्टेज कशी?

प्रश्न : माझ्या थोरल्या चुलत्यांच्या उजव्या फुप्फुसात अडीच सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, 'पेट स्कॅनमध्ये छातीतल्या गाठी पेटल्यात, तिसरी स्टेज असू शकते.' काकांना खोकल्यापलीकडे काही त्रास नाही. एवढ्याशा गाठीला तिसरी स्टेज कशी? आणि गाठी पेटल्या म्हणजे कॅन्सर तिथे पोचलाच का?

उत्तर : आपण 'गाठ' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो, घोळ तिथेच होतो. फुप्फुसातली गाठ म्हणजे कॅन्सर. छातीतल्या 'गाठी' मात्र लिम्फ नोड्स, म्हणजे लसिकाग्रंथी. त्या आपल्या सगळ्यांच्याच शरीरात जन्मापासून असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, त्याच या ग्रंथी. फुप्फुसातून निघणारा लसिकारस त्यांच्यातून गाळून पुढे जातो. कॅन्सरच्या पेशीही बहुधा याच वाटेने निघतात. म्हणून गाठ केवढी यापेक्षा पेशी या वाटेवर कुठवर गेल्या, यावर पुष्कळ काही ठरतं.

या ग्रंथींना डॉक्टरांनी १ ते १४ असे क्रमांक दिले आहेत. जपानच्या नारुके यांनी १९७०च्या दशकात असा नकाशा आखला. आज जगभर वापरतात तो २००९चा. फुप्फुसातल्या आणि त्याच्या देठाजवळच्या ग्रंथींत कॅन्सर असेल तर एन-१, त्याच बाजूला छातीच्या मध्यभागी किंवा श्वासनलिकेच्या दुभाजकाखाली असेल तर एन-२, पलीकडच्या बाजूला किंवा गळपट्टीच्या हाडावर पोचला तर एन-३. स्टेज ठरवण्याच्या जागतिक नियमावलीच्या आठव्या आवृत्तीसाठी जमवलेल्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीत, ऑपरेशन करून ग्रंथी तपासलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षं जगलेले असे : ग्रंथी स्वच्छ असतील तर ७५ टक्के, एन-१ला ४९, एन-२ला ३६, एन-३ला २०. हे रुग्ण १९९९ ते २०१० या काळातले, आजच्या इम्युनोथेरपीच्या आधीचे. त्यामुळे हे आकडे काकांचं भविष्य म्हणून वाचू नका.

आता 'पेटल्या'बद्दल. पेट स्कॅनला कॅन्सर दिसत नाही; जिथे साखर जास्त खर्च होते ती जागा दिसते. टीबीची ग्रंथीही तशीच उजळते, आणि आपल्याकडे टीबी किती आहे हे मी सांगायला नको. नुसत्या उजेडावर तिसरी स्टेज ठरवून एखाद्याचं ऑपरेशन नाकारणं हा माझ्या मते अन्याय आहे. सुईने तुकडा काढूनच खात्री करावी.

ती तपासणी म्हणजे ईबस. करंगळीहून बारीक दुर्बीण घशातून श्वासनलिकेत उतरते, टोकाच्या सोनोग्राफीत भिंतीपलीकडची ग्रंथी राखाडी ठिपक्यासारखी दिसते, आणि सुई तिच्यात शिरते. काचपट्टीवर येणारा ऐवज कधी काजळीसारखा काळा असतो. तो चुलीच्या, विडीच्या धुराचा साठा. सुई आधी पलीकडच्या ग्रंथीत घालतात, मग मधल्या, शेवटी जवळच्या. क्रम उलटा केला तर बाधित ग्रंथीतल्या पेशी सुईबरोबर स्वच्छ ग्रंथीत जातील आणि स्टेज खोटीच वाढेल.

रिपोर्ट आला की क्रमांक पाहा. काकांची गाठ उजवीकडे आहे. '४ आर' (श्वासनलिकेच्या उजव्या अंगाची) किंवा '७' (दुभाजकाखालची) यांपैकी एकाच जागी कॅन्सर आणि दोन्ही जागी कॅन्सर, यांत फरक आहे. जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या नवव्या आवृत्तीत, तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि मधली एकच जागा बाधित असेल तर स्टेज दुसरी धरतात. दोन जागा असतील तर तिसरी. '४ एल', म्हणजे पलीकडची डावी ग्रंथी, बाधित निघाली तर ऑपरेशन सहसा करत नाहीत, केमो आणि रेडिएशन एकत्र देतात. कुठल्याच ग्रंथीत काही निघालं नाही, तर सर्जनला आजच भेटा.