बुडालेल्या जहाजाचे मोल

हिशेबशास्त्रात आम्ही घसारा शिकतो. वस्तू जुनी होते तसे तिचे मूल्य दरवर्षी घटवायचे. शेवटी उरते ते भंगारमूल्य. समुद्राच्या तळाशी शंभर वर्षे पडून असलेल्या युद्धनौकांना हा नियम लावला तर काय उत्तर येते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कने बेटांनी वेढलेले स्कापा फ्लो नावाचे विस्तीर्ण बंदर आहे. पहिले महायुद्ध थांबल्यावर, नोव्हेंबर १९१८ मध्ये, जर्मन आरमाराची ७४ जहाजे तेथे अडकवून ठेवण्यात आली. ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी रिअर ॲडमिरल फॉन रॉयटर यांच्या आज्ञेवरून जर्मन खलाशांनीच त्यांत पाणी सोडले. ५२ जहाजे एका दिवसात बुडाली.

पुढे अर्नेस्ट कॉक्स या भंगार-व्यापाऱ्याने १९२४ पासून ती वर काढण्यास आरंभ केला. उलट्या पडलेल्या नौकेची भोके बुजवून आत दाबाची हवा भरली की पाणी बाहेर ढकलले जाते व नौका तरंगते. 'मोल्टके' ही प्रचंड नौका १९२७ मध्ये अशीच वर आली. आज तीन मोठ्या लढाऊ नौका व चार हलक्या क्रूझर तळाशी उरल्या आहेत.

त्या पाहण्यासाठी हौशी पाणबुडे सुटी काढून येतात. स्ट्रॉमनेस गावातून नावा सुटतात. पाणी उन्हाळ्यातही थंडगार. म्हणून अंगाला पाणी लागू न देणारा, आत हवेचा थर राखणारा पोशाख घालावा लागतो. ४० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट होतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. गोटी सोड्याची बाटली एकदम उघडली की फसफसते. घाईने वर येणाऱ्या माणसाच्या रक्ताचे तसेच होते. म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर यायचे.

आता मोलाचा प्रश्न. २०१९ मध्ये यांतील चार नौका ईबे या संकेतस्थळावर विकल्या गेल्या. तीन लढाऊ नौकांचे मिळून २५,५०० पौंड आले आणि 'कार्ल्सरूह' या क्रूझरचे ८,५००. मागितलेली किंमत याच्या कितीतरी पट होती. भाव इतका का पडला? २००१ पासून या नौका संरक्षित स्मारके आहेत. पाणबुड्यांनी पाहावे, परंतु काही उचलू नये. म्हणजे मालकाच्या वहीत जवळजवळ शून्य, पण नाववाला, खाणावळवाला, खोल्या भाड्याने देणारा यांच्या वह्यांत मात्र दरवर्षी जमा. लोखंड विकले असते तर पैसा एकदाच आला असता.

तथापि त्याच बंदरात एक नौका अशी आहे की जिला हाही हिशेब लागू होत नाही. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने 'रॉयल ओक' ही ब्रिटिश नौका बुडवली. ८३५ माणसे मेली. ती युद्धकबर मानली जाते. सहल म्हणून तेथे बुडी मारण्यास कायद्याने मनाई आहे. दरवर्षी स्मृतिदिनानिमित्त नौदलाचे पाणबुडे खाली जाऊन तिच्यावरचा ध्वज बदलतात, एवढेच.

असा पहारा नसला तर काय होते, ते जावा समुद्रात दिसले. १९४२ च्या लढाईत बुडालेल्या 'डी रॉयटर' आणि 'जावा' या डच नौका २०१६ मध्ये शोधायला गेले, तेव्हा तळावर फक्त त्यांचे ठसे होते. लोखंडाबरोबर शेकडो खलाशांची कबरही भंगारात गेली होती.

यावरून मला वाटते, जहाजाची तीन मोले असतात: विकण्याचे, पाहण्याचे आणि राखण्याचे. पहिले बाजार ठरवतो, दुसरे पाहुणा. तिसऱ्याला ताळेबंदात रकाना नाही. तो समाजाला कायद्याने आखावा लागतो, आणि तो आखलेला नसेल तर पहिलाच रकाना सगळे गिळतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने किंमत काढायला शिकावेच. पण कोठे ती काढायची नाही, हेही शिकावे.