सूर्य दोनदा डोक्यावर, लाही एकदाच

प्रश्न : मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत, असा वर्षातून दोनदा आपल्याकडे सूर्य ऐन डोक्यावर येतो म्हणतात. मग अंगाची लाही मेमध्येच का होते? आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असते, तर तेव्हाच आम्हाला शेकोटी का लागते?
– एक वाचक, पिंपळगाव रेणुकाई (ता. भोकरदन, जि. जालना)

उत्तर : शेकोटीचं आधी सांगतो, ते लवकर उरकतं. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून साधारण 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाखांवर. त्यामुळे जानेवारीत सुमारे सात टक्के जास्त ऊर्जा पृथ्वीकडे येते. पण किरण तिरपे झाले की या सात टक्क्यांचा काही उपयोग होत नाही. 22 डिसेंबरला भरदुपारी अंगणात काठी उभी रोवून पाहा. काठी जेवढी, जवळजवळ तेवढीच सावली. सूर्य तेव्हा जेमतेम 46 अंशांवर चढतो. तेवढंच ऊन जास्त जमिनीवर पसरतं आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला डोक्यावरच्या उन्हाच्या पाऊण भागाहूनही कमी मिळतं. त्यात दिवस अकरा तासांपेक्षा लहान आणि रात्र मोठी.

तुमचा खरा प्रश्न पहिला, आणि तो फार चांगला आहे. तुमचं गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांहून थोडं पुढे आहे. त्यामुळे 22-23 मेच्या सुमारास, आणि परतीच्या वाटेवर 21-22 जुलैच्या सुमारास, साडेबाराच्या आसपास तीच काठी सावलीच टाकत नाही. मधल्या काळात सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. 21 जूनला मीटरभर काठीची पाच-सहा सेंटिमीटरची सावली चक्क दक्षिणेला पडते! म्हणजे किरणांचा कोन दोन्ही वेळा सारखाच. दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास, दोन्हीकडे सारखाच. बदलते ती किरण पोचतात तिथली परिस्थिती.

ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते हवेतून आरपार येतं, जमीन तापवतं आणि तापलेली जमीन हवा तापवते. मेमध्ये तुमच्याकडचं काळं रान नांगरून उघडं पडलेलं, ओलावा संपलेला, आकाश निरभ्र. काळी माती ऊन परत फेकते थोडं, शोषते जास्त, आणि ती सगळी उष्णता तापण्यातच जाते. जुलैत एक तर ढग बराच प्रकाश वरच्या वर परत पाठवतात. जो खाली येतो त्याचा मोठा वाटा मातीतलं आणि पिकांच्या पानांतलं पाणी वाफ करण्यात खर्च होतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी लागतात, आणि तेवढी उष्णता तापमापकात दिसत नाही. माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणाने.

पावसाने ओढ दिली की हे उघड दिसतं. 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सर्वांत उष्णही. सूर्य होता तिथेच होता. पाणी नव्हतं.

ऊन भरपूर, तरी तापणं नाही, याचं टोक दक्षिण ध्रुवावर आहे. डिसेंबरात तिथे सूर्य मावळतच नाही. चोवीस तासांची बेरीज केली तर वातावरणाच्या माथ्यावर विषुववृत्तापेक्षाही जास्त ऊर्जा पोचते. तरी पारा शून्याखाली पंचवीस अंशांच्या आसपास. उंचीचा परिणाम आहेच, पण पांढरं बर्फ आलेल्या प्रकाशातला बहुतेक परत फेकतं, हे मोठं कारण. अंटार्क्टिकावरच भारताचं मैत्री केंद्र 1989 मध्ये उभं राहिलं, ते मात्र बर्फाबाहेर उघड्या पडलेल्या खडकांवर. उन्हाळ्यात ते खडक तापतात, आसपासची तळी वितळतात. त्यांतल्याच प्रियदर्शिनी तळ्याचं पाणी केंद्राला पुरतं.

हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरणाऱ्या तुमच्या गावात ऊन शोषणं आणि परत फेकणं यांतला हा फरक सगळ्यांच्या हाताखालून गेलेला आहे. उन्हाळी मिरचीच्या बेडवर मल्चिंग पेपर अंथरताना चंदेरी बाजू वर ठेवतात. ती ऊन परत फेकते. काळी बाजू वर आली तर तोच पेपर इतका तापतो की कोवळ्या रोपाच्या बुंध्याला चटका बसतो.