धाटांतील इंधन आणि जमिनीचा वांटा

टाकाऊ दिसणाऱ्या वस्तूंतून उपयुक्त पदार्थ निर्माण करणें हा रसायनशास्त्राचा मोठाच पराक्रम होय. परंतु जें आपणांस टाकाऊ वाटतें तें सृष्टीच्या दृष्टीनेंही टाकाऊ असतेंच असें नाहीं. अमेरिकेंतील मक्याच्या धाटांचें उदाहरण ह्या बाबतींत विचार करण्याजोगें आहे.

आयोवा हें त्या देशांतील सर्वांत अधिक मका पिकविणारें राज्य आहे. आपल्याकडे ज्वारीचा कडबा वैरणीसाठीं जपून ठेवितात; तेथें मात्र यंत्रानें दाणे काढून घेतल्यावर धाटें, पाला व रिकामीं कणसें बहुतांशीं शेतांतच पडून राहतात. त्यांचें वजन दाण्यांच्या वजनाइतकेंच, म्हणजे चांगल्या शेतांत एकरीं सुमारें ४ ते ५ टन भरतें.

दाण्यांतील पिष्टापासून मद्यार्क करणें सोपें आहे. धाटांतील सेल्युलोजचे तंतु मात्र चिवट असतात. त्यांवर उष्णतेचे व रसायनांचे संस्कार करून, मग एन्झाइम नांवाच्या पाचक द्रव्यांनीं त्यांची साखर करावी लागते. ती आंबवून मद्यार्क निघतो. मोटारींस लागणारें हें इंधन काढण्याकरितां आयोवांत एमेट्सबर्ग येथें २०१४ सालीं व नेवेडा येथें २०१५ सालीं मोठे कारखाने निघाले.

मग सर्वच धाटें उचलून कां नेऊं नयेत? ह्याचें पहिलें कारण विद्यार्थ्यांस घरींच पाहतां येईल. दोन पाट्यांत सारखी माती भरून त्यांस सारखा उतार द्यावा. एकीवर पाला पसरावा, दुसरी उघडी ठेवावी, आणि दोहींवर झारीनें पाणी घालावें. उघड्या पाटींतून गढूळ पाणी वाहील; झांकलेल्या पाटींतून तें बरेंच निवळ येईल. दुसरें कारण असें कीं, धाटांबरोबर नत्र, स्फुरद व विशेषतः पालाश हीं द्रव्यें शेताबाहेर जातात व तीं विकत आणून घालावीं लागतात. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. कुजणारा पाला हेंच गांडुळांचें व सूक्ष्म जीवांचें अन्न असून, त्यापासूनच जमिनींतील सेंद्रिय कर्ब टिकतो. धूप थांबविण्यास जितका पाला पुरतो, त्याहून पुष्कळदां अधिक पाला हा कर्ब टिकविण्यास लागतो. म्हणून माती वाहून जात नाहीं, एवढ्यावरूनच ती सुखरूप आहे असें आपण समजूं नये.

उलट पक्षीं, पाल्याचा थर फार जाड झाला तर वसंत ऋतूंत जमीन थंड व ओली राहून पेरणीस अडथळा होतो. ह्यास्तव मध्यम मार्ग हाच योग्य. एमेट्सबर्गच्या कारखान्याची योजना एकरीं सुमारें १ टन, म्हणजे अवशेषांचा चतुर्थांशच, घेण्याची होती. सपाट व भरघोस पिकाचीं शेतेंच ह्या कामीं निवडावीं. उताराच्या शेतांतील धाटांस हात लावूं नये. न नांगरतां पेरणी करणें, हिवाळ्यांत राय धान्याचें आच्छादन-पीक घेणें व शेणखत घालणें, ह्या उपायांनीं नेलेल्या पाल्याची कांहीं अंशीं भरपाई होते.

पुढें नेवेडाचा कारखाना २०१७ सालीं बंद पडला, व २०१९ सालीं एमेट्सबर्गनेंही व्यापारी उत्पादन थांबविलें. नेवेडाचा कारखाना एका जर्मन कंपनीनें २०१८ सालीं विकत घेतला, आणि तेथें धाटें कुजवून इंधनवायु काढण्यास प्रारंभ झाला. कारखाना असा पुन्हां उघडतां येतो. पण वाहून गेलेला मातीचा एक इंच थर पुन्हां बनण्यास शतकें लागतात.

मोशेच्या नियमशास्त्रांत शेताचे कानेकोपरे कापूं नयेत, तें पीक गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राखावें, अशी आज्ञा आहे. सुज्ञ शेतकऱ्यानें जमिनीचाही असाच वांटा प्रथम मोजून ठेवावा, व उरेल तेवढेंच न्यावें. आपल्या घरचा पालापाचोळा पेटविण्यापूर्वीं, तो कोणाचा वांटा आहे, ह्याचा आपणही क्षणभर विचार करूं या.