आग्रह करू नकोस, छोटे

अगं छोटे, तुझा बॉल पायथन जेवत नाही म्हणून तू कशाला उपाशी राहतेस? आपल्या घरात माया म्हणजे आग्रह. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला तरी ताटात आणखी एक पोळी पडते. सापाला हा आग्रह सोसत नाही. मोठा, धडधाकट बॉल पायथन थंडीत कित्येक आठवडे तोंड फिरवून बसतो आणि त्याचं काही बिघडत नाही. वजन करून वहीत लिहीत जा. वजन टिकून असेल तर निवांत राहा. ते झपाट्यानं उतरलं, तोंडाशी फेस आला किंवा श्वास घरघरला, तर मात्र सापांचं कळणारा पशुवैद्य गाठ.

डोळे निळसर धुरकट दिसले की तो कात टाकणार. तेव्हा उंदीर दाखवूसुद्धा नकोस. एरवी पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरतं. उंदीर त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा असावा. जिवंत उंदीर देऊ नकोस, तो सापालाच चावतो. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू दे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट कर. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. डबा वेगळा ठेव आणि त्यावर नाव लिही, नाहीतर आई फ्रिज उघडेल आणि पुढचं मला सांगायला नको! संध्याकाळी, मंद उजेडात, लांब चिमट्यानं दे. हाताला उंदराचा वास असला तर साप हातालाच खाऊ समजेल. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, मैत्रिणी बघायला आल्या तरी नाही. तुझे हात मात्र दर वेळी साबणानं धू.

आता आपल्या यवतमाळचं सांगते, कारण परदेशी व्हिडिओवाल्यांना आपला मे महिना ठाऊक नसतो. ते सापाची पेटी तापवायला शिकवतात. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीकडे सरकतो तेव्हा ती थंड ठेवायची असते. उबेची बाजू 31 ते 33 अंश, दुसरी 25 ते 27. खोलीच 35 च्या वर गेली तर जेवण पुढे ढकल, पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत ने आणि पाण्याचं भांडं भरलेलं ठेव. डिसेंबरच्या रात्री उलटं होतं. वीज गेली, ऊब गेली, की पोटातला उंदीर पचत नाही आणि साप तो ओकतो. ओकला तर किमान दोन आठवडे काही देऊ नकोस. नंतर सुरुवात लहान उंदरापासून कर.

आणि शेतातला उंदीर? नाही म्हणजे नाही. कपाशी-सोयाबीनच्या बांधावर झिंक फॉस्फाईडचं विष टाकलेलं असतं, शिवाय जंत असतात ते वेगळेच. दूधही नाही, नागपंचमीला वाटी पुढे करतात, पण सापाचं पोट दुधासाठी नसतं.

एक काम राहिलंय तुझं. 2024 च्या नियमांप्रमाणे बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तो दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. आपल्याकडचे धामण, नाग, अजगर हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, ते पाळता येत नाहीत. गल्लीतल्या पोरांनी बरणीत धामणीचं पिल्लू आणून ‘ताई, याला काय खाऊ घालू?’ विचारलं, तर काही खाऊ घालू नकोस. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन कर.