फोमआधी पत्रा तपासा

प्रश्न : मेळघाटातील सेमाडोहच्या आमच्या शाळेचे पत्रे उन्हाळ्यात तापतात, पावसाळ्यात गळतात. फवारणीचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम परवडेल का? किती टिकेल? – शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य

उत्तर : फोमने उष्णता नक्की अडते; बाहेरून मारला तर सांधे आणि खिळ्यांची भोकेही बुजतात. पण ऊन त्याचा शत्रू. वर पांढरा संरक्षक लेप हवाच, आणि तो साधारण 10 ते 15 वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. हा पुढचा खर्च आजच हिशेबात धरा. मेळघाटात वानरं पत्र्यावर उड्या मारतात. त्याने लेप फाटला की फोममध्ये पाणी शिरते, म्हणून दर पावसाळ्याआधी पाहणी आवश्यक.

खर्चात मोठा वाटा यंत्र आणि प्रशिक्षित माणसे परतवाड्याहून घाट चढवून आणण्याचा. एकट्या शाळेसाठी ते महागच पडेल. शेजारच्या शाळा मिळून काम काढा. गंजक्या किंवा ओल्या पत्र्यावर फोम धरत नाही. आतून तर मारूच नका: गळती झाकली जाते, पत्रा कुजतो आणि मुलांच्या डोक्यावर पेट घेणारा थर राहतो.

माझे मत विचाराल तर आधी कुजके पत्रे बदला, खिळ्यांखालचे वायसर नवे घाला, वर उष्णतारोधक पांढरा रंग द्या.