गच्चीवरील कुंडातले मासे आणि दिल्लीचा हिवाळा : मुनिरका परिसराच्या निमित्ताने

दक्षिण दिल्लीतील मुनिरका या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्त्या नांदतात. एकीकडे जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्या आणि एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती; दुसरीकडे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि तळमजल्यांपुढील लहान बागा. गावात जमीन नाही म्हणून गच्ची वापरावी लागते, सदनिकांत बाग आहे पण ती हातभर. अशा ठिकाणी सिमेंटचे कुंड किंवा प्लॅस्टिकचा टब ठेवून त्यात कमळ वा कुमुदिनी लावली जाते आणि डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी मासे सोडले जातात. पावसाळाभर हे मासे उत्तम वाढतात. डिसेंबरअखेरीस मात्र एखाद्या सकाळी ते पाण्यावर उलटे तरंगताना दिसतात. पाणी गोठले असावे, असा पहिला तर्क केला जातो. तो बहुधा चुकीचा असतो.

सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी उणे ०.६ अंश सेल्सिअस इतके किमान तापमान नोंदले गेले होते. अलीकडच्या काळात ८ जानेवारी २००६ रोजी ०.२ अंश आणि १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश अशा नोंदी आहेत. म्हणजे हवा शून्याजवळ जाते, पण क्वचित आणि पहाटेचे काही तासच. तेवढ्याने कुंडावर फार तर पातळ पापुद्रा धरेल. दिल्लीतील माशांना खरा धोका असतो तो उथळ पाण्याच्या जलद चढउताराचा आणि त्याहून अधिक, सूर्यदर्शन न होणाऱ्या दिवसांचा. किमान तापमान १० अंश वा त्याखाली असताना कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक घसरले, तर हवामान खाते त्यास ‘थंड दिवस’ म्हणते. धुक्यामुळे असे दिवस सलग येतात. रात्री गमावलेली उष्णता पाण्याला दिवसा परत मिळत नाही आणि तापमान रोज थोडे थोडे उतरत जाते. वृत्तपत्रांतील नीचांकाच्या मथळ्यांपेक्षा हे सलग चार-पाच दिवस माशांना अधिक घातक ठरतात.

गच्चीवरील टबाची स्थिती जमिनीतील तळ्याहून पुष्कळ वाईट असते. जमिनीतील तळ्याला चारही बाजूंनी मातीची ऊब असते, कारण हाताखालची माती हवेइतक्या वेगाने थंड होत नाही. टबाला मात्र चहूकडून वारा लागतो आणि निरभ्र रात्री त्याचा पृष्ठभाग उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतो. १०० लिटर पाणी १० अंशांनी थंड होते, तेव्हा सुमारे १.१६ युनिट विजेइतकी उष्णता त्यातून निघून गेलेली असते. १०० वॅटचा हीटर ही तूट भरून काढण्यास रात्रीचे जवळजवळ १२ तास घेईल, आणि तेही फक्त कागदावर. कारण पाणी जितके उबदार, तितकी त्याची गळतीही जास्त. उघड्या गच्चीवर दवात भिजणाऱ्या विजेच्या तारा हा आणखी वेगळा धोका. म्हणून तापवण्यापेक्षा उष्णता राखणे श्रेयस्कर. टब दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत आणावा. खाली विटा व थर्मोकोल, भोवती गोणपाट आणि पेंढा बांधावा. पाण्याची खोली निदान ६० सेंटिमीटर असावी. शक्य असेल तेथे तीन लहान टबांऐवजी एकच मोठा ठेवावा. रात्री वर पत्रा वा प्लॅस्टिक टाकावे, मात्र एका कडेला फट ठेवावी आणि सकाळी ते काढावे.

सर्व मासे थंडीला सारखे तोंड देत नाहीत. गप्पी हा दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातील मासा. पाणी १०-१२ अंशांच्या आसपास टिकून राहिले की त्याचा निभाव कठीण. १९२८ साली इटलीतून भारतात आणलेला गॅम्बुसिया मूळचा उत्तर अमेरिकेतील असल्याने पुष्कळ कमी तापमान सोसतो. गोल्डफिश आणि कोई हे कार्प कुळातील मासे तर बर्फाखालच्या पाण्यातही हिवाळा काढतात. त्यामुळे मुनिरक्यात गप्पी पाळायचेच असतील, तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दहा-पंधरा माद्या आणि काही नर काचेच्या टाकीत घालून घरात घ्यावेत. उरलेले वाचतील या आशेवर बाहेर ठेवणे व्यर्थ आहे.

काटक माशांनाही माणसाच्या मायेचा त्रास होतो. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते आणि पाणी १० अंशांनी उतरले की त्याच्या शरीरक्रिया ढोबळमानाने निम्म्यावर येतात. कणकेच्या गोळ्या किंवा पावाचे तुकडे टाकत राहिल्यास ते खाल्ले जात नाहीत, तळाशी कुजतात. कुजण्यातून निघालेल्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणूही थंडीत मंदावलेले असतात. पाणी १० ते १२ अंशांखाली असताना खाद्य पूर्ण थांबवावे. गोल्डफिश काही आठवडे उपाशी राहून मरत नाही. दुपारी पाणी १५ अंशांवर चढले, तरच चिमूटभर द्यावे. हा निर्णय हाताने पाणी चाचपून घेता येत नाही. साधा तापमापक पाण्यात ठेवून सकाळी सहा आणि दुपारी तीन वाजता नोंद करावी.

कमळाची पाने उत्तर भारतात हिवाळ्यात वाळतात. ती देठासह कापून बाहेर काढावीत. थंड पाणी ऑक्सिजन अधिक धरून ठेवते (३० अंशांना लिटरमागे सुमारे ७.६ मिलिग्रॅम, तर १० अंशांना ११.३) आणि माशांची गरजही घटलेली असते. त्यामुळे हिवाळ्यात मासे गुदमरले असतील, तर कुजणारी पाने किंवा पूर्ण झाकलेला पृष्ठभाग यांकडेच संशयाने पाहावे. पाणी बदलायचे झाल्यास एका वेळी दहावा हिस्सा, तोही दुपारी आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतून बदलावा. गच्चीवरील टाकीचे पहाटेचे पाणी थेट सोडणे म्हणजे माशांना अकारण धक्का देणे होय. कल्ल्यांवर वा शेपटीवर कापसासारखी बुरशी दिसल्यास मासा वेगळ्या बादलीत घेऊन लिटरमागे १ ते ३ ग्रॅम खडेमीठ विरघळवावे. कुंडातच मीठ टाकल्यास कमळाला अपाय होतो.

तळ्यावर बर्फ साचण्याविषयीचा सल्ला मुख्यतः शीत प्रदेशांसाठी असतो आणि तो दिल्लीत जसाच्या तसा लागू करू नये. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. त्यामुळे श्रीनगरच्या चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांत, वर बर्फ असताना तळाला ४ अंशांच्या आसपासचा थर टिकतो. तेथे पंप तळाशी ठेवल्यास तो थर ढवळला जातो, म्हणून तो वर घ्यावा लागतो. वायूंच्या देवघेवीसाठी बर्फात छिद्र ठेवावे लागते, पण ते घाव घालून पाडायचे नसते. गरम पाण्याचे भांडे बर्फावर टेकवून ठेवले की पुरते. गोल्डफिश तर ऑक्सिजन संपल्यावरही काही काळ जगतो: शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे अल्कोहोल करून तो ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. दिल्लीच्या दोन फुटी टबात मात्र असे थर फारसे टिकतच नाहीत. निफाडकडील तीन मीटर खोल शेततळी थंडीत निर्धास्त असतात, याचे कारणही पाण्याची खोली आणि आकारमान हेच आहे.

कीटकशास्त्रीय दृष्टीने हा सारा खटाटोप फेब्रुवारीसाठी करायचा असतो. कडाक्याच्या थंडीत डासअळ्यांची वाढ जवळजवळ थांबते, म्हणून जानेवारीत मासे मेल्याचा तोटा लगेच जाणवत नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात क्युलेक्स डासांची संख्या झपाट्याने वाढते. एडिसची अंडी तर टबाच्या कडेला कोरडी राहून अनेक महिने जिवंत असतात आणि पाणी चढताच फुटतात. पूर्ण वाढलेला गॅम्बुसिया दिवसाला १०० ते ३०० अळ्या फस्त करतो. हिवाळा तगलेल्या माद्या पाणी उबदार होताच पिल्ले देऊ लागतात. गर्भकाळ तीन ते चार आठवड्यांचा असल्याने मार्चमध्ये कुंडात नवी पिढी असते. जानेवारीत मासे गमावलेल्या घरी याच सुमारास टब बिनराखणीचा असतो आणि महापालिकेच्या तपासनिसांना अळ्या सापडतात. रिकामा झालेला टब तसाच भरून ठेवू नये. पाणी ओतून कडा घासून काढाव्यात, म्हणजे चिकटलेली अंडी निघतात.

पिल्लांची गर्दी झाली, तर गॅम्बुसिया शेजाऱ्यांच्या कुंडासाठी द्यावा. संजय वनातील पाणथळीत किंवा एखाद्या जुन्या बावडीत तो सोडू नये. देशी माशांची अंडी आणि बेडकांची पिल्ले खाण्यात तो डासअळ्यांइतकाच तरबेज आहे आणि एकदा पसरल्यावर त्याला परत काढता येत नाही.