चौदाव्या वर्षानंतरची शाळा

मुलाने शाळा सोडली असे आपण म्हणतो. तथापि शाळा बहुधा एका दिवसात सुटत नाही. प्रथम कामाच्या दिवसांत गैरहजेरी पडते, मग अभ्यास मागे राहतो, परीक्षेत अपयश येते आणि अखेर पटावर नाव असूनही मूल वर्गात दिसेनासे होते. माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर हा धोका विशेष असतो. त्याचे एक कारण कायद्याच्या मर्यादेत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली. बालमजुरीविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने, काही अपवाद सोडता, चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. त्यापुढील मुलांना केवळ धोक्याच्या कामांपासून संरक्षण आहे. म्हणजे ज्या वयात शिक्षणाची हमी संपते, त्याच वयात मूल मिळवते होऊ शकते. ही पोकळी समाजाने भरावयाची असते.

ती कशी भरता येते, याची सुरुवात भिलाईच्या परिसरात पाहावयास मिळते. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कारखान्याच्या वसाहतीत कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या. परंतु भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील कंत्राटी खाणमजुरांच्या वाट्याला अशा सोयी आल्या नाहीत. १९७७ साली स्थापन झालेल्या छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाने शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली मजुरीवाढीसाठी लढे दिले, दारूविरोधी मोहीम चालविली आणि मजुरांच्या मुलांसाठी शाळाही काढल्या. या कामांचा परस्परसंबंध उघड आहे. घरापर्यंत पोचलेली मजुरी हेच मुलाच्या शिक्षणाचे पहिले भांडवल होय.

प्राथमिक शाळा वस्तीत काढता येते. माध्यमिक शाळा मात्र अनेकदा दूर असते. तेथे निवासाचा व जेवणाचा प्रश्न उभा राहतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढून मुष्टिफंड उभा राहिला. 'कमवा आणि शिका' या पद्धतीत विद्यार्थी स्वतःही श्रम करीत. त्यामुळे मदत घेणाऱ्याची मान खाली जात नसे.

या उदाहरणांतून निघणारा बोध साधा आहे. शिक्षण सुटण्याचे कारण पुष्कळदा मोठे नसते: बसभाडे, वही, एक वेळचे जेवण किंवा धाकट्या भावंडाची राखण. कुटुंबाला एकट्याने न पेलणारा हा भार दहा घरांत वाटला की हलका होतो. मात्र तो वेळेवर वाटला गेला पाहिजे. वर्ष संपल्यावर चौकशी करण्यापेक्षा गैरहजेरीच्या पहिल्याच आठवड्यात शिक्षक व शेजारी यांनी मुलाच्या दारी जाणे अधिक उपयोगी ठरते.